दुबईचा फोन आणू नका, हक्काचा मागा : नदीकाठच्या तालमी आणि मंडळांना खुलं पत्र

नदीकाठच्या समस्त तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांनो,

वळीव दोनदा झोडपून गेला, मिरग तोंडावर आलाय. आता आपल्या सगळ्यांची नजर हळूहळू पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडं वळणार. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे नदीकाठच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

परवा संध्याकाळी एका मंडळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. वर्गणीचं बोलणं चाललं होतं. मला वाटलं गणपतीची असेल, एवढ्या लवकर कशी म्हणून विचारलं. तर पोरं म्हणाली, सॅटेलाईट फोनची. एकाचा चुलतभाऊ दुबईला आहे, तिथं हा फोन दुकानात मोबाईलसारखा मिळतो, दिवाळीआधी तो गावाकडं येणार होता तो आता पावसाआधीच येतोय. “टॉवर पडला तरी चालतोय बघा काका. बोटीत एक टाकून ठेवायचा, विषय संपला.” निम्मी रक्कम गोळासुद्धा झाली होती.

मी टेलिफोन खात्यात उभी हयात काढली. खांबावर चढलो, खड्ड्यात उतरलो, एक्स्चेंजमध्ये रात्रपाळ्या केल्या. त्या पोरांना तिथं जे तुटक-तुटक सांगितलं ते नीट लिहून काढावं असं वाटलं, कारण हीच कल्पना आणखी दोन ठिकाणी शिजतेय असं कानावर आलं.

आधी एक कबूल करतो. तुमचं दुखणं खोटं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये माझी थोरली बहीण शिरोळ तालुक्यातल्या तिच्या गावात अडकली होती. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, जायची सोय नाही. तीन दिवस तिचा फोन लागला नाही. गंमत म्हणजे, गंमत कसली, टॉवर उभाच होता. वीज गेली, मग बॅटऱ्या संपल्या, जनरेटरला डिझेल पोचवायला रस्ता उरला नाही. आणि आणखी एक गोष्ट असते जी गावात कुणाला ठाऊक नसते. टॉवर तुमच्या मोबाईलशी हवेतून बोलतो खरा, पण मागं त्याची नाळ बहुतेक ठिकाणी जमिनीतल्या फायबरला बांधलेली असते. ओढ्यावरच्या पुलाजवळ ती फायबर तुटली की टॉवरवर दिवे लागलेले असूनही तो मुका. कंपनी कुठली ते सांगत बसत नाही, त्या आठवड्यात सगळ्यांचीच तीच तऱ्हा होती. चौथ्या दिवशी तुमच्यासारख्याच एका तालमीच्या पोरानं बोटीतून येऊन निरोप दिला, “अक्का माडीवर हाईत, जनावरं उंचावर न्हेल्यात, बीपीच्या गोळ्या संपल्यात.” गोळ्या पोचायला पाचवा दिवस उजाडला.

म्हणजे बोटीत फोन असावा ही तुमची मागणी शंभर टक्के बरोबर. तो दुबईहून यावा हे मात्र शंभर टक्के चूक.

पहिलं कारण सरळ आहे. परवान्याशिवाय सॅटेलाईट फोन बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे. १८८५चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३चा वायरलेस कायदा यांच्या जोरावर इतकी वर्षं हे चालत आलं, आणि २०२३च्या नव्या दूरसंचार कायद्यातही परवानगीशिवाय रेडिओ यंत्र ठेवायला मुभा नाही. दुबईच्या दुकानात जो मिळतो तो बहुतेक थुरायाचा असणार, कारण ती कंपनीच तिकडची. थुराया आणि अमेरिकेची इरिडियम या दोन कंपन्यांच्या फोनांना तर आपल्याकडं नाव घेऊन मज्जाव आहे. गोव्यात फिरायला आलेल्या परदेशी पर्यटकांच्या बॅगेत असला फोन निघाला आणि त्यांच्यावर विमानतळावर गुन्हे दाखल झाले, या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. ती माणसं निदान वकिलाला इंग्रजीत समजावू शकली. तुमचा चुलतभाऊ मुंबईला उतरल्या-उतरल्या अडकला तर त्याची दुबईतली नोकरी कोण सांभाळणार?

“पण काका, माणसं वाचवायला वापरणार आहे, पोलीस काय करत्यात?” असं एकजण म्हणालाच. बाबा रे, २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे ज्या ‘कुबेर’ बोटीतून आले, त्या बोटीवरही सॅटेलाईट फोनच सापडला होता. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत असा फोन कुठं चालू झाला की यंत्रणांना त्याचा माग लागतो आणि शोध सुरू होतो, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. भर पुरात बचाव करायचा सोडून तुमच्या बोटीचाच शोध सुरू व्हायला नको.

आता हा कायदा नुसता आडमुठेपणा आहे का? मलाही आधी तसंच वाटायचं. पण हे फोन आतून कसे चालतात ते बघितलं की कोडं सुटतं, आणि कुठला फोन मागायचा तेही कळतं. म्हणून जरा तपशिलात जातो. कंटाळा आला तर चहा घेऊन या.

आकाशातल्या फोनच्या दोन जाती. एक लांबची, एक जवळची. लांबची म्हणजे विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी पावलं जुळवून एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा उपग्रह. इन्मारसॅट या उपग्रह-संस्थेची सुरुवात १९७९ साली जहाजांसाठी झाली, तिचे उपग्रह या जातीचे, थुरायाचेही तसेच. तुमच्या गल्लीतल्या डीटीएचच्या छत्र्या बघा, सगळ्या दक्षिणेच्या बाजूला तोंड करून बसल्यात. त्या असल्याच स्थिर उपग्रहांकडं बघतात. या फोनवर बोललात की आवाज वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद, समोरच्याचं उत्तर परत यायला आणखी तेवढाच. म्हणून सवय नसलेली माणसं त्यावर एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. वायरलेसवर जसं ‘ओव्हर’ म्हणून थांबतात तसं थांबायला शिकावं लागतं.

जवळची जात म्हणजे इरिडियम. ७८० किलोमीटर उंची, म्हणजे कोल्हापूरहून मुंबईला जाऊन परत यायला जेवढा रस्ता साधारण तेवढीच. पण इतका खाली असलेला उपग्रह एका जागी थांबत नाही. शंभरेक मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो आणि आपल्या डोक्यावरून काही मिनिटांतच निघून जातो. एक मावळला की दुसऱ्यानं कॉल उचलून धरायचा. म्हणून ते एक-दोन नव्हे, ६६ लागतात. सहा कक्षा, प्रत्येकीत अकरा. आधी ७७ सोडायचं ठरलं होतं, इरिडियम या धातूचा अणुक्रमांक ७७ म्हणून नाव इरिडियम. पुढं हिशेब करताना ६६च पुरतील असं दिसलं, नाव मात्र बदललं नाही. ६६ क्रमांकाच्या मूलद्रव्याचं नाव डिस्प्रोसियम आहे, त्या नावानं फोन कोण विकत घेणार!

आणि कायद्याची मेख इथंच आहे. इरिडियमचे उपग्रह एकमेकांशी थेट बोलतात. तुम्ही पंचगंगेच्या घाटावरून केलेला कॉल एका उपग्रहावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाऊन थेट अमेरिकेत ॲरिझोनामधल्या केंद्रावर उतरू शकतो. मधे भारताची जमीन लागतच नाही. मग कुणी काय बोललं याचा इथल्या यंत्रणेला पत्ता कसा लागणार? याउलट बीएसएनएलनं २०१७पासून जी इन्मारसॅटची सेवा सुरू केली, तिचे कॉल गाझियाबादच्या केंद्रावर, आपल्याच जमिनीवर उतरतात. म्हणून ती कायदेशीर. मज्जाव फोनला नाही, कॉल कुठं उतरतो त्याला आहे.

तेव्हा मागायचा तो हा फोन. बीएसएनएलचा, परवान्याचा, इन्मारसॅटवर चालणारा. आपल्या पावसाच्या दृष्टीनं त्यात आणखी एक चांगली बाजू आहे. जोराची सर आली की टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ ही पाटी येते ना? डीटीएचच्या लहरी अडीच-तीन सेंटिमीटर लांबीच्या, मोठे थेंब त्यांना खातात. सॅटेलाईट फोनच्या लहरी वीसेक सेंटिमीटरच्या. पावसाचा थेंब त्यांच्या खिजगणतीतही नाही. गगनबावड्याच्या पावसातही हा फोन बोलेल. ज्याला तो घाबरतो ती गोष्ट वेगळी : स्लॅब. आकाश दिसलं पाहिजे, तेही दक्षिणेकडचं. घरात, जिन्यात, बोटीच्या ताडपत्रीखाली तो गप्प बसतो. गच्चीवर जाऊन अँटेना उघडून दक्षिणेला धरायचा, उपग्रह सापडेपर्यंत दमानं थांबायचं. पहिल्यांदा हातात घेतलेला माणूस हमखास म्हणतो, “बंद पडलाय.”

याच एका गोष्टीनं इरिडियमला पाणी पाजलं होतं. सांगतात की मोटोरोलातल्या एका इंजिनिअरच्या बायकोला बहामा बेटांवर सुट्टीत असताना घरी फोन लागेना, तिथून १९८७च्या सुमारास ही कल्पना निघाली. पाच अब्ज डॉलरच्या आसपास ओतले. १९९८च्या नोव्हेंबरात थाटात सेवा सुरू झाली, पहिला कॉल अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी, अल गोर यांनी केला. अर्ध्या किलोचा विटेएवढा फोन, किंमत तीन हजार डॉलर, वर मिनिटाला काही डॉलर. गिऱ्हाईक कोण धरलं होतं? जगभर विमानानं हिंडणारा साहेब. आणि तो साहेब असतो कुठं? गाडीत, हॉटेलात, ऑफिसात. म्हणजे नेमका छपराखाली, जिथं हा फोन चालत नाही. शिवाय ही अकरा वर्षं, उपग्रह तयार होईपर्यंत, साधा मोबाईल गावोगावी पसरला होता. लाखो गिऱ्हाइकांची वाट बघितली, मिळाली पन्नास-पंचावन्न हजार. १९९९च्या ऑगस्टमध्ये दिवाळं. सगळे उपग्रह खाली आणून हवेत जाळून टाकायचं ठरत आलं होतं.

(आपल्या देशातले पैसेही त्यात बुडाले. इथल्या भागीदार कंपनीनं मोटोरोलावर फसवणुकीची फिर्याद केली, ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१०मध्ये कोर्टानं सांगितलं की कंपनीवरही फसवणुकीचा फौजदारी खटला चालू शकतो. वकिलीच्या पोरांना हा निकाल आजही अभ्यासावा लागतो. उपग्रहांनी आपल्याला फोन दिला नाही, निकाल दिला.)

मग वाचले कसे? अडीच कोटी डॉलरला, म्हणजे भंगाराच्या भावानं, नव्या मालकांनी सगळी यंत्रणा उचलली आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं वीस हजार सरकारी वापरकर्त्यांसाठी कंत्राट दिलं. त्यानंतर जहाजं, विमानं, गिर्यारोहक, मदतपथकं अशी खरी गरज असलेली माणसं गिऱ्हाईक झाली. २०१७ ते २०१९मध्ये उपग्रहांची नवी पिढीसुद्धा वर गेली.

मला त्यातून कळलं ते एवढंच, की हा फोन माणशी एक असा कधी परवडलाच नाही. सरकारी किंवा सामाईक पैशातून घेतला, गरजेच्या जागी ठेवला, तेव्हाच तो तगला. गल्लीतल्या वर्गणीतून तुम्ही एकवेळ यंत्र घ्याल. दर महिन्याचं भाडं, मिनिटाचा दर, बॅटरी, परवाना, हे सगळं पाचव्या वर्षी कोण बघणार? तोवर मंडळाचा अध्यक्ष तीनदा बदललेला असेल. (डॉल्बीच्या एका रात्रीच्या खर्चात किती मिनिटं बोलता येईल हा हिशेब मी केलाय, पण इथं लिहीत नाही. नंतर कट्ट्यावर बसू देणार नाही तुम्ही.)

म्हणून मागणी करायची ती जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. तोंडी नव्हे, लेखी, आणि सगळ्या मंडळांच्या सह्यांनी एकच अर्ज. मात्र ‘आम्हाला सॅटेलाईट फोन द्या’ एवढंच लिहू नका. का ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात, कुठल्या ते नाव घेत नाही, मला एक सॅटेलाईट फोन दाखवला होता. लोखंडी कपाटात, डब्यात, प्लास्टिकसुद्धा न काढलेला. साहेब कौतुकानं म्हणाले, “आमच्याकडं आहे बरं का.” मी म्हटलं, लावून बघूया? बॅटरी पूर्ण उतरलेली. चार्जर दुसऱ्या कपाटात, त्या कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडं. डेडस्टॉक रजिस्टरला मात्र नोंद चोख होती. या जातीच्या हँडसेटवर आठ तास बोलता येतं आणि नुसता चालू ठेवला तर १६० तास तग धरतो. पण ते चार्ज केल्यावर.

तेव्हा अर्जात लिहा की जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत फोन कपाटात नसावा. चिखली-आंबेवाडीच्या बाजूला एक, शिरोळला कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडच्या गावांना एक, शहरात सुतारवाड्यापासून पाणी चढायला लागतं त्या पट्ट्याला एक. आणि डोंगरातल्या चंदगड-गगनबावड्याच्या लोकांना विसरू नका, त्यांच्याकडं पूर नसला तरी दरड आहे आणि रेंज तर एरवीही नाही. कुणाच्या हातात राहणार त्या कर्मचाऱ्याचं नाव जाहीर असावं. बोट निघाली की तो फोन त्या बोटीत, परवानाधारक माणसासकट. आणि दर पंधरवड्याला एकदा उघड्यावर जाऊन खरा कॉल लावून बघायचा, त्याची वेळ फलकावर लिहायची. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे, तीच सगळ्यात आधी गळेल. म्हणून तिच्यावर लक्ष तुम्हीच ठेवा. पंधरवड्याच्या कॉलला तुमचा एक माणूस साक्षीला उभा असला की बॅटरी आपोआप चार्ज राहते, हा माझा खात्यातला अनुभव आहे.

दुसरीकडं कागदावरची कामं आहेत. सॅटेलाईट फोन हातात आला तरी लावायचा कुणाला? मोबाईल बंद पडला की नंबरही त्याच्यातच बुडतात. नियंत्रण कक्ष, तहसीलदार, दवाखाना, पलीकडच्या काठावरची मंडळं, सगळे नंबर कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये घालून बोटीत ठेवा. आपल्या भागातल्या कुठल्या गच्चीवरून दक्षिणेचं आकाश मोकळं दिसतं, मधे नारळ किंवा पाण्याची टाकी येत नाही, हेही आत्ताच बघून ठेवा. पावसात, अंधारात ते शोधायचं नसतं.

आणि जमलेल्या वर्गणीचं काय, असं विचाराल. ती हॅम रेडिओला, म्हणजे हौशी लोकांच्या परवान्याच्या वायरलेसला लावा. केंद्र सरकारची परीक्षा असते, बाराव्या वर्षापासून देता येते, अभ्यास एखाद्या महिन्याचा. पास झालात की स्वतःचा परवाना आणि स्वतःची हाकखूण, म्हणजे कॉल साईन. हातातला व्हीएचएफ सेट, म्हणजे वॉकीटॉकीसारखा, एकमेकांना दिसण्याच्या अंतरावर चालतो, आणि आपल्याला देवानं उंची फुकट दिलीय. जिथून जोतिबाचा डोंगर दिसतो तिथून, डोंगरावर एक रिपीटर (आलेला आवाज झेलून पुढं फेकणारं यंत्र) असेल तर, तळहाताएवढ्या सेटवरून बोलता येईल. मिनिटाचं बिल नाही. रिपीटरचा परवाना, जागा ही वेगळी खटपट आहे, तिच्यासाठी मी खात्यातली जुनी ओळखपाळख वापरायला तयार आहे. प्रत्येक मंडळानं तीन पोरं द्यावीत. पोरीही द्याव्यात, एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं बघितलंय, आणीबाणीत ऑपरेटर बाई पुरुषापेक्षा थंड डोक्यानं निरोप घेते.

एक गोष्ट राहिली. कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, आता साध्या मोबाईललाच थेट उपग्रह जोडणार, मग हे सगळं कशाला? खोटं नाही ते. १९७१ साली नारायणगावजवळ आर्वीला देशाचं पहिलं व्यापारी उपग्रह केंद्र झालं तेव्हा जमिनीवरची छत्री तीसेक मीटरची होती. मोठा कान खाली होता, कारण वरचा उपग्रह लहान. आता उलटं झालंय. २०२५च्या डिसेंबरात आपल्याच एलव्हीएम-३ रॉकेटनं श्रीहरिकोट्याहून ‘ब्लूबर्ड’ नावाचा अमेरिकन उपग्रह वर नेला, त्याची अँटेना २२३ चौरस मीटरची. म्हणजे सव्वादोन गुंठे! एवढा कान आकाशात पसरल्यावर खिशातल्या फोनचा बारीक आवाजही त्याला ऐकू जातो. ‘स्टारलिंक’लाही २०२५च्या जूनमध्ये आपल्याकडं परवाना मिळाला, पण तिची घरगुती सेवा छत्रीची आहे, तिला वीज लागते, आणि पुरात आधी जाते ती वीजच. थेट मोबाईलला मिळणारी सेवा आपल्या गल्लीत येईल तेव्हा मी पेढे वाटीन. पण नदी काही तोवर थांबायची नाही.

अर्जाचा मसुदा मी करून ठेवलाय. येत्या रविवारी सकाळी दहाला घाटावरच्या पिंपळाखाली बसूया. दुबईच्या भावाला आजच फोन करून सांगा, येताना खजूर आण म्हणावं. आणि रविवारी येताना प्रत्येकानं आपल्या भागातल्या तीन मोकळ्या गच्च्यांची नावं लिहून आणा, मालकाला आधी विचारून.

तुमचाच,
घाटावरचा एक निवृत्त टेलिफोनवाला
कोल्हापूर